तुकोबा विहिरीत का गात होते?

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज मी शेगावहून बोलतोय, घरच्या बैठकीत बसून. मधेच रेल्वेचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या, मुंबई-नागपूर लाइन गावातूनच जाते.

आजचा विषय तसा रिमोटवरच्या एका बटणाचा आहे. होम थिएटरच्या रिसीव्हरवर ‘सराउंड’ किंवा ‘साउंड मोड’ लिहिलेलं बटण असतं ना, ते. दाबत गेलं की नावं येत जातात: स्टिरिओ, ऑल चॅनल स्टिरिओ, प्रो लॉजिक, मूव्ही, म्युझिक, हॉल, डायरेक्ट. आपण काय करतो? जे भारी वाटेल तिथे थांबतो. मीही तेच केलं आणि आजीकडून बोलणी खाल्ली.

झालं असं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी ५.१ बसवलं. समोर तीन स्पीकर, सोफ्याच्या मागे दोन आणि कोपऱ्यात सबवूफर. वायरी लपवण्यातच दोन दिवस गेले. पहिला सिनेमा कोणता लावायचा, तर बाबा म्हणाले ‘शोले’, आजी म्हणाली ‘तुकाराम’. आजीपुढे कोणाचं चालतं? प्रभातचा ‘संत तुकाराम’ लावला, १९३६ चा. मी मोड बदलत बदलत ‘हॉल’वर थांबलो. म्हटलं अभंग आहेत, देऊळ आहे, हॉल शोभेल. विष्णुपंत पागनीसांचा आवाज पाची स्पीकरमधून घुमायला लागला. मी खूश.

आजीनं पाच-सात मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, “गाथा बुडाली हे मले माईत हाये रे बाबू. पन तुकोबा इहिरीत कवा उतरले?”

सगळे हसलो. ती मात्र हसली नाही. “मले बोल समजून नाई रायले,” म्हणाली आणि उठून आत गेली. ते मला लागलं. कारण हा सिनेमा तिला स्पीकरसाठी नको होता, शब्दांसाठी हवा होता. आणि नेमके तेच मी तिच्यापासून काढून घेतले होते.

मग रात्री बसून शोधायला लागलो की या मोडची भानगड काय आहे. शोधता शोधता मी रिसीव्हरच्या माहितीपुस्तिकेतून थेट १९३१ सालात जाऊन पोहोचलो. कारण या यादीतलं प्रत्येक नाव कुठल्या ना कुठल्या सालातून आलंय. ते साल कळलं की बटण आपोआप कळतं.

तर चला १९३१ मध्ये. १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि आपला सिनेमा बोलायला लागला. तेव्हा प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात होती. १९२९ साली सुरू झालेली, मूकपट काढणारी. पुढच्याच वर्षी, १९३२ साली त्यांनी ‘अयोध्येचा राजा’ काढला. व्ही. शांताराम दिग्दर्शक, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे पडद्यावर. आणि आवाज कोणी मुद्रित केला? विष्णुपंत दामले यांनी. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेला हा माणूस. प्रभातमध्ये आवाजाचं खातं त्यांच्या हाती आलं. आणि चार वर्षांनी याच दामल्यांनी फत्तेलालांबरोबर ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. म्हणजे आजीचा लाडका सिनेमा एका ध्वनिमुद्रकाने बनवलेला आहे, हे आधी लक्षात घ्या.

त्या काळी आवाज फिल्मवर कसा साठवायचे? चित्राच्या शेजारी एक अरुंद पट्टी असायची. आवाजाप्रमाणे त्या पट्टीतून जाणारा प्रकाश कमी-जास्त व्हायचा. प्रोजेक्टरमध्ये एक दिवा त्या पट्टीवर पडायचा, पलीकडे प्रकाश ओळखणारा घटक, त्यातून वीज, विजेचा परत आवाज. पट्टी एक, म्हणजे आवाजाची वाट एक. यालाच आपण मोनो म्हणतो. थिएटरात तो आवाज पडद्यामागच्या भोंग्यातून यायचा आणि त्यासाठी पडद्याला बारीक बारीक भोकं असायची. आवाज जणू नटाच्या तोंडातूनच येतोय असं वाटायचं.

घुमारा? तो थिएटर स्वतःच द्यायचं. उंच छत, मोकळ्या भिंती, शेकडो माणसं. त्यामुळे मुद्रण करणाऱ्याची पहिली काळजी एकच असायची: शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळला पाहिजे. ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून जास्त चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. हे सगळं एका पट्टीवर, पडद्यामागच्या भोंग्यातून. मोनो म्हणजे काहीतरी कमी पडलेलं, अर्धवट, असं मला आधी वाटायचं. तसं नाही. ते एका ठिकाणाहून ऐकण्यासाठीच बनवलेलं पुरं काम आहे.

आता गंमत बघा. ज्या १९३१ मध्ये आपल्याकडे सिनेमा बोलायला लागला, त्याच वर्षी लंडनमध्ये ॲलन ब्लुमलाइन नावाच्या इंजिनिअरला या एकाच आवाजाची अडचण वाटत होती. असं सांगतात, की तो बायकोबरोबर सिनेमाला गेला होता. नट पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला चालत जायचा, पण आवाज मात्र एकाच जागेवरून यायचा. ते त्याला खटकलं. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा पाया त्यात आहे. पुढे १९४२ साली रडारची चाचणी चालू असताना विमान अपघातात तो गेला, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. त्याने त्या पाहिल्या नाहीत.

सिनेमावाले मात्र दोनावर थांबले नाहीत. १९४० मध्ये डिस्नेच्या ‘फँटेशिया’ने थिएटरात आवाज फिरवून दाखवला, पण यंत्रणा इतकी महाग आणि अवजड की मोजक्या थिएटरांतच ती बसली. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आला तेव्हा फिल्मवर चुंबकीय पट्ट्या आल्या, चार. तीन पडद्यामागे आणि एक प्रेक्षागृहात. मधला स्पीकर तेव्हा नीट रुजला. का? तर थिएटरात सगळेच काही मध्यभागी बसत नाहीत. कडेला बसलेल्यालाही संवाद नटाच्या तोंडातूनच आला पाहिजे. म्हणून संवाद मधल्या स्पीकरला, संगीत डावी-उजवीकडे आणि वातावरण मागे. तुमच्या टीव्हीखाली जो आडवा स्पीकर असतो ना, सेंटर, तो या विचारातून आलाय.

आपल्याकडे १९६७ मध्ये राज कपूरचा ‘अराउंड द वर्ल्ड’ ७० मिलिमीटरमध्ये आला. पण लोकांच्या लक्षात राहिला तो १५ ऑगस्ट १९७५ चा ‘शोले’. ७० मिलिमीटर, स्टिरिओफोनिक. त्याच्या ध्वनिमिश्रणात मोठा हात होता मंगेश देसाई यांचा. परळच्या राजकमल कलामंदिरात, म्हणजे शांतारामबापूंच्या स्टुडिओत काम करणारे. सत्यजित राय यांच्या सिनेमांच्या श्रेयनामावलीतही त्यांचं नाव दिसतं. मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ बघणारे अजून सांगतात, की नाणं पडल्याचा आवाज आला की लोक आपापल्या खुर्चीखाली बघायचे.

बाबांना विचारलं, तुम्ही बघितलं का असं खुर्चीखाली? बाबांनी ‘शोले’ अकोल्याला पाहिला होता, तोही बराच उशिरा. म्हणाले, “कायचं नाणं! समोरूनच आला आवाज.” बरोबरच आहे. ७० मिलिमीटरची प्रत मोजक्या मोठ्या थिएटरांना मिळायची. बाकी गावोगाव ३५ मिलिमीटरच्या मोनो प्रती फिरायच्या. म्हणजे मिनर्व्हातला ‘शोले’ आणि बाबांचा ‘शोले’ हे कानाने बघितले तर दोन वेगळे सिनेमे होते. आणि दोन्ही खरे.

आता येतो तो टप्पा, ज्यातून तुमच्या रिमोटवरची निम्मी नावं निघाली. रे डॉल्बी. हा माणूस १९६३ ते १९६५ संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतातच होता. इथून गेला आणि १९६५ मध्ये लंडनला डॉल्बी लॅबोरेटरीज काढली. सुरुवातीचं काम होतं टेपची खरखर कमी करण्याचं. सत्तरच्या दशकात ही मंडळी सिनेमाकडे वळली. अडचण अशी होती: चुंबकीय पट्ट्या महाग, लवकर झिजणाऱ्या. प्रकाशाच्या पट्ट्या स्वस्त, पण जागा जेमतेम दोनांची. आणि आवाज तर चार हवेत.

मग त्यांनी चार आवाज दोनात बसवले. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ऐकून बरं वाटेल, कारण युक्ती साधी आहे. डावा आवाज डाव्या पट्टीत, उजवा उजवीत. जो मधून यायला हवा तो दोन्ही पट्ट्यांत सारखाच टाकायचा. जो मागून यायला हवा तोही दोन्हीत टाकायचा, पण एकमेकांच्या उलट. मग थिएटरात यंत्र बेरीज-वजाबाकी करतं. दोन्हीकडे सारखं सापडलं ते मधल्या स्पीकरला, उलट सापडलं ते मागे. याला मॅट्रिक्स म्हणतात. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने हे जगभर पोचवलं. १९८२ मध्ये त्याची घरगुती आवृत्ती आली, डॉल्बी सराउंड. १९८७ मध्ये आलं प्रो लॉजिक, ज्याने घरातही मधला स्पीकर वेगळा काढला.

जुन्या प्रो लॉजिकमध्ये मागचा आवाज थोडा दबका का वाटतो, तेही सांगतो. तो मुद्दाम सात हजार हर्ट्झच्या वर कापलेला असतो आणि काही मिलिसेकंद उशिराने सोडलेला असतो. हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये दाखवलं होतं, की एकच आवाज दोन ठिकाणांहून आला तर जो आधी पोचतो त्याचीच दिशा मेंदू धरतो. म्हणजे संवादाचा थोडा अंश चुकून मागे गळला, तरी तो समोरूनच आल्यासारखा वाटतो. शब्द समोर राहावेत यासाठी त्यांनी केवढा खटाटोप केलाय बघा!

पुढचं लवकर सांगतो. १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटल आलं, फिल्मच्या कडेच्या भोकांमधल्या जागेत आकडे छापलेले. १९९३ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’बरोबर डीटीएस आलं, त्यात आवाज फिल्मवर नाही, वेगळ्या तबकडीवर. आता कोंबाकोंबी संपली, प्रत्येक स्पीकरची वाट वेगळी झाली. हेच आपलं ५.१. आपल्याकडे १९९४ च्या ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’पासून थिएटरांच्या बाहेर डॉल्बीचे बोर्ड दिसायला लागले. २००० मध्ये प्रो लॉजिक टू आलं, साध्या स्टिरिओतूनही पाच स्पीकरांपुरता आवाज काढणारं. ‘मूव्ही’ आणि ‘म्युझिक’ या नावांचे मोड त्याच्याबरोबर घराघरांत पोचले. आणि २०१२ मध्ये ॲटमॉस, ज्यात आवाज कुठल्या स्पीकरला द्यायचा यापेक्षा तो खोलीत कुठे आहे हे लिहून ठेवतात.

मग राहिलं काय? माझा ‘हॉल’. त्याचं घराणंच वेगळं आहे. १९८६ मध्ये यामाहाने डीएसपी-१ नावाचं यंत्र काढलं. त्यांच्या इंजिनिअरांनी खरोखरच्या संगीतगृहांमध्ये, क्लबांमध्ये जाऊन तिथे आवाज भिंतींवरून कसा परततो ते मोजलं आणि ते चिपमध्ये घातलं. आज वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिसीव्हरांवर ‘हॉल’, ‘जॅझ क्लब’, ‘स्टेडियम’ असली नावं दिसतात ती या कल्पनेची भावंडं. ही कल्पना वाईट नाही. कोरड्या खोलीत मुद्रित केलेलं वाद्यसंगीत असेल तर मजाही येते. पण हा मोड रेकॉर्डिंगमध्ये असलेलं काही उलगडत नाही. नसलेलं घालतो.

इथे दोन घराणी स्पष्ट होतात बघा. एक उलगडणारं: कोणीतरी मुद्दाम ठेवलेलं बाहेर काढतं. दुसरं भर घालणारं: आपल्या अंदाजाने किंवा आवडीने काही मिसळतं. रिमोटवर ही दोन्ही एकाच रांगेत येतात, म्हणून आपला घोटाळा होतो.

आता आजीचं कोडं सुटतं. शब्द कळतो तो मुख्यतः व्यंजनांवरून. ‘त’, ‘क’, ‘प’, ‘स’ ही फार आखूड आणि हलकी असतात, स्वर मात्र लांब आणि दणकट. घुमारा वाढला की मागच्या स्वराचं शेपूट पुढच्या व्यंजनावर पडतं आणि व्यंजन बुडतं. त्यात वय झालं की कानाचा वरच्या पट्टीचा भाग आधी उतरतो, आणि ही व्यंजनं बरीचशी तिथेच राहतात. त्यात १९३६ च्या प्रकाशपट्टीवर वरचे सूर मुळातच कमी. म्हणजे आधीच बारीक राहिलेल्या गोष्टीवर मी पाच स्पीकरांनी पाणी ओतलं. आजी विहीर म्हणाली ते अगदी नेमकं होतं. मी चार तास वाचून जे शोधलं, ते तिनं सात मिनिटांत सांगितलं होतं.

आणि खरं सराउंड आजीला कळत नाही असं नाही बरं का. आषाढीची वारी करून महाराजांची पालखी शेगावात परत येते तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून बघा. टाळ चारी बाजूंनी असतात, मृदंग पुढून येतो, बाजूने जातो, मागे विरतो. तिथे आवाज आपल्याभोवती असतो, कारण माणसं आपल्याभोवती असतात. कीर्तनात मात्र बुवा समोर, टाळकरी त्यांच्या मागे आणि आपण सगळे एका दिशेला तोंड करून. तिथे शब्द समोरूनच यायला हवा. तुकोबांचा सिनेमा हा कीर्तनाच्या जातीचा आहे, पालखीच्या नाही.

तर मग बटण कुठलं? रिमोट हातात घेण्याआधी साल बघा आणि स्वतःला विचारा: हे करणाऱ्या माणसाच्या डोळ्यासमोर किती स्पीकर होते?

एक असेल, म्हणजे प्रभातचे सिनेमे, पन्नास-साठच्या दशकातले बहुतेक मराठी-हिंदी सिनेमे, तर प्रो लॉजिक किंवा नव्या रिसीव्हरवरचं डॉल्बी सराउंड लावा. दोन्ही वाटांत आवाज सारखाच असल्यामुळे तो सगळा मधल्या स्पीकरला जातो आणि बाकीचे गप्प बसतात. घाबरू नका, बिघाड नाही. पडद्यामागच्या भोंग्याची ती घरातली जागा आहे. साध्या स्टिरिओवरही चालतं, पण मग आवाज मधोमध वाटायला तुम्हीही मधोमध बसायला हवं. इंटरनेटवरच्या काही प्रतींमध्ये दोन वाटा तंतोतंत सारख्या नसतात. मग खरखर मागच्या स्पीकरमधून यायला लागते. तेव्हा ‘मोनो’ मोड असेल तर तो वापरा.

दोन असतील, म्हणजे गाण्यांच्या स्टिरिओ रेकॉर्ड, सीडी, तर स्टिरिओ किंवा डायरेक्ट. मॅट्रिक्सच्या काळातला सिनेमा असेल, साधारण सत्तरच्या अखेरीपासून नव्वदच्या सुरुवातीपर्यंतचा परदेशी, तर प्रो लॉजिक. ५.१ असेल, म्हणजे ‘सैराट’सारखा अलीकडचा सिनेमा, तर आहे तसा वाजू द्या, वरून काही घालू नका. फक्त प्लेअरचं सेटिंग तपासा. तो दोनच वाटा पाठवत असेल तर रिसीव्हर बिचारा पाच कुठून आणणार? त्याला ‘बिटस्ट्रीम’वर ठेवा. जुन्या सिनेमाच्या प्रतीवर मूळ मोनो आणि नंतर केलेलं ५.१ असे दोन्ही ट्रॅक असतील तर एकदा दोन्ही ऐका. आमच्याकडे ‘शोले’च्या बाबतीत बाबांनी मोनोला मत दिलं. त्यांचा सिनेमा तोच होता.

आणि घरात म्हातारं माणूस असेल तर सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा. मोडपेक्षा याने जास्त फरक पडतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी परत ‘तुकाराम’ लावला. मोड बदलला, सेंटर तीनने वाढवला. बाबांनी सोफ्याच्या मागे जाऊन स्पीकरला कान लावला. “बाकीचे चार बंद पडले काय रे?” त्यांना त्या चारांचे पैसे आठवत असणार. मी म्हटलं, बंद नाही बाबा, ऐकून रायले.

आजी दाराजवळच्या तिच्या खुर्चीत बसली होती, खोलीच्या अगदी कडेला. सिनेमास्कोपवाल्यांच्या काळजीतला कडेचा प्रेक्षक तो हाच. पागनीस गायला लागले तेव्हा ती काहीच बोलली नाही. थोड्या वेळानं पाहिलं, तर तिचे ओठ हलत होते. ती शब्द बरोबर म्हणत होती.

तर मंडळी, घरी गेलात की एखादा जुना सिनेमा लावा, आणि आवाज कसा वाटतोय हे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. भारी वाटतोय का असं नका विचारू. शब्द कळतोय का, ते विचारा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.